पावसासाठी राखलेले जंगल

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या वर्गातल्या मुलांना प्रथम क्रिकेट आठवते. १९७१ साली सुनील गावसकरांनी आपल्या पहिल्याच कसोटी मालिकेत ७७४ धावा काढल्या. त्या मालिकेतला त्यांचा पहिला आणि शेवटचा सामना झाला पोर्ट ऑफ स्पेन या शहरात. हे शहर त्रिनिदाद बेटावर आहे आणि देशाचे पूर्ण नाव आहे 'त्रिनिदाद आणि टोबॅगो'. या नावातले दुसरे बेट मात्र आपल्या लक्षात राहत नाही. नकाशात ते शोधायलाही थोडे डोळे ताणावे लागतात. त्रिनिदादच्या ईशान्येला, समुद्रात तिरपे पडलेले, सुमारे ४० किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १०-१२ किलोमीटर रुंद असे हे टोबॅगो. क्षेत्रफळ जेमतेम ३०० चौरस किलोमीटर.

टोबॅगोला पर्यटक येतात ते मुख्यतः दोन गोष्टी पाहायला. एक म्हणजे बेटाच्या मधोमध पाठीच्या कण्यासारख्या गेलेल्या डोंगररांगेवरचे दाट जंगल. तिचे नावही 'मेन रिज' म्हणजे मुख्य कणा असेच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बेटाच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या उथळ समुद्रातली प्रवाळभित्ती, 'बकू रीफ'. दोन्ही निसर्गाच्या देणग्या. दोन्हींमध्ये अंतर फार तर एका तासाच्या मोटारप्रवासाचे. पण माणसांच्या हाती दोघींचे नशीब अगदी वेगळे निघाले. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आपल्याला अडीचशे वर्षे मागे जावे लागेल.

साखर आणि सरपण

सतराव्या शतकात इंग्रजांनी कॅरिबियन समुद्राच्या पूर्व टोकाच्या बार्बाडोस बेटावर उसाची लागवड सुरू केली. १६४० च्या सुमारास हे बेट बहुतांशी जंगलाने झाकलेले होते. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ते जवळजवळ सगळे नाहीसे झाले. जमीन मोकळी करण्यासाठी झाडे गेली आणि उसाचा रस आटवण्यासाठी लागणाऱ्या सरपणासाठीही झाडे गेली. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना चुलाण किती जळण खाते हे सांगायला नको. तिथे तर महिनोन्‌महिने, रात्रंदिवस कढया चढलेल्या असत. हे सारे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतले जाई.

उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ लागली, उत्पन्न घटू लागले, लाकूड बाहेरून आणावे लागू लागले. बार्बाडोसच्या या अनुभवाची आठवण पुढे शंभर वर्षे मळेवाल्यांच्या आणि लंडनमधल्या अधिकाऱ्यांच्या मनात राहिली.

१७६३ साली पॅरिसच्या तहाने टोबॅगो ब्रिटिशांकडे आले. तोवर डच, फ्रेंच, इंग्रज यांच्या झगड्यात हे बेट कोणाच्याच हाती फार काळ टिकले नव्हते. त्यामुळे त्याचे जंगलही बरेचसे शाबूत होते. आता जमिनीची मोजणी करून तिचे तुकडे उसाच्या मळ्यांसाठी विकायला काढले गेले. म्हणजे बार्बाडोसची गोष्ट इथेही घडणार, हे उघड होते. पण इथे एक वेगळी गोष्ट घडली आणि तिची सुरुवात इंग्लंडमधल्या एका कुंडीत झाली.

सूर्यफुलाचे वजन

स्टीफन हेल्स (१६७७–१७६१) हा लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक. घोड्याच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्तदाब मोजणारा पहिला माणूस म्हणून जीवशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव येते. वनस्पतींच्या अंगातही काहीतरी वाहते, मग तेही मोजून पाहू, असे त्याला वाटले.

१७२४ च्या उन्हाळ्यात त्याने सुमारे साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत घेतले. कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले, म्हणजे मातीतले पाणी परस्पर उडून जाणार नाही. मग पंधरा दिवस तो सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन करीत राहिला. दिवसाच्या बारा तासांत सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक वजन कमी होत होते! हे पाणी पानांवाटेच गेलेले होते. माणसाला येणाऱ्या घामाशी त्याने याची तुलना केली. तेवढ्याच आकारमानाच्या माणसापेक्षा सूर्यफूल सतरापट 'घाम' गाळते, असे त्याचे उत्तर आले. आज आपण याला बाष्पोच्छ्वास म्हणतो. १७२७ साली 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या पुस्तकात त्याने हे प्रयोग छापले.

एक सूर्यफूल जर एवढे पाणी हवेत सोडते, तर अख्खे जंगल किती सोडत असेल? आणि ते पाणी पुन्हा पाऊस होऊन खाली येत असेल, तर जंगल तोडल्यावर पाऊसही कमी होणार नाही का? हेल्सच्या प्रयोगांनंतर असे प्रश्न विचारी लोकांना पडू लागले. त्यांपैकी एक होता सोम जेनिन्स. तो ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता आणि व्यापार व वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंडळावरही होता. टोबॅगोची जमीन कशी वाटायची याचा विचार याच मंडळात चाले.

तेरा एप्रिल १७७६

जेनिन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांचा मुद्दा साधा होता. बेटाच्या कण्यावरचे जंगल तोडले तर पाऊस आटेल, पाऊस आटला तर ऊस जाईल आणि ऊस गेला तर बेटाचा उपयोग काय? म्हणून जमिनीची विक्री सुरू असतानाच डोंगरमाथ्याचा पट्टा विक्रीतून वगळण्यात आला. दहा-अकरा वर्षांनी, १३ एप्रिल १७७६ रोजी, त्यावर कायद्याची मोहोर उमटली. वारंवार पावसाच्या सरी याव्यात आणि त्यांवर अवलंबून असलेली जमिनीची सुपीकता टिकावी, यासाठी हे जंगल राखून ठेवले आहे, असे कायद्यातच नमूद होते.

इतिहासाच्या शिक्षकांना हे साल ओळखीचे वाटेल. त्याच वर्षी जुलै महिन्यात उत्तर अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. त्या वसाहतींवर कर बसवणे योग्यच आहे, असे सांगणारी पुस्तिका लिहिणारा गृहस्थ हाच सोम जेनिन्स! अमेरिकेतले प्रसिद्ध यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले १८७२ साली, म्हणजे टोबॅगोच्या कायद्यानंतर ९६ वर्षांनी. मेन रिज हे पश्चिम गोलार्धातले कायद्याने राखलेले सर्वांत जुने जंगल म्हणून ओळखले जाते.

या कायद्यामागे पक्ष्यांविषयीचे प्रेम नव्हते आणि माणसांविषयीची कणव तर नव्हतीच, हे मुलांना सांगायला विसरू नये. गुलामांच्या श्रमावर चालणारा साखरेचा धंदा सुरक्षित राहावा, एवढाच हेतू होता. त्या श्रमिकांचे मत कोणी विचारले नाही. त्यांची मुक्तता व्हायला १८३४ ते १८३८ उजाडावे लागले.

कायद्यानंतरही बेटाचे मालक बदलत राहिले. १७८१ साली फ्रेंच आले, १७९३ साली ब्रिटिश, १८०२ साली पुन्हा फ्रेंच, १८०३ साली पुन्हा ब्रिटिश. १८१४ साली ते कायमचे ब्रिटिशांकडे गेले. पुढे साखरेचा धंदाच बुडाला आणि १८८९ साली टोबॅगो त्रिनिदादला जोडण्यात आले. एवढ्या उलथापालथीत डोंगरमाथ्यावर ऊस चढला नाही. चढणही अवघड होती, हे खरे. पण चढणाइतकाच कायदाही आड आला.

कल्पनेचा प्रवास

जंगल आणि पाऊस यांची ही सांगड टोबॅगोपुरती राहिली नाही. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर फ्रेंचांनी १७६९ साली अशाच विचाराने जंगलाचे नियम केले होते. १७९१ साली टोबॅगोच्या धर्तीवर शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर 'किंग्ज हिल' हे जंगल पावसासाठी राखण्यात आले. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ साली आपल्या 'ग्रीन इंपीरियलिझम' या ग्रंथात हा धागा बेटाबेटांवरून थेट हिंदुस्थानापर्यंत आणून दाखवला.

हा धागा आपल्या अंगणातूनही जातो. पुण्याजवळच्या दापोडीला ईस्ट इंडिया कंपनीची वनस्पती-बाग होती. तिची देखरेख अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर करीत असे. डोंगरांवरची झाडी गेली की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, हे त्याने आपल्या अहवालांतून सरकारपुढे मांडले. १८४७ साली त्याला मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमण्यात आले. सह्याद्रीच्या जंगलांवर सरकारी अंमल बसला तो इथून. या अंमलाने काही जंगल वाचले, तसे डोंगरातल्या लोकांचे पूर्वापार हक्कही आखडले.

कारण बरोबर होते का?

आता विज्ञानाचा प्रश्न. जंगलामुळे टोबॅगोला पाऊस पडतो, हे म्हणणे खरे आहे का?

टोबॅगोवर वर्षातला बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे येतात. अटलांटिक महासागरावरून येताना ते बाष्पाने भरलेले असतात. वाटेत मेन रिजची सुमारे साडेपाचशे मीटर उंचीची भिंत लागली की हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो. भूगोलात आपण शिकवतो तो हाच प्रतिरोध पर्जन्य. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पायथ्याच्या वाईला मात्र बेताचाच, हे आपण पाहतोच. टोबॅगोतही कण्यावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नैर्ऋत्येच्या सखल भागात त्याच्या निम्म्याच्या आसपास.

म्हणजे डोंगर बोडका असता तरी वारे वर चढले असते आणि पाऊस पडला असता. झाडांनी सोडलेल्या बाष्पाचे काय? त्याचाही हिशेब करता येतो. बेटाची रुंदी १० किलोमीटर धरली आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर वारा अर्ध्या तासात बेट ओलांडून पलीकडे समुद्रावर जातो. एवढ्या वेळात झाडांनी सोडलेल्या बाष्पाचे ढग होऊन ते त्याच बेटावर बरसणे कठीण. ॲमेझॉनच्या खोऱ्यासारख्या विशाल प्रदेशात गोष्ट वेगळी. तिथे वारे हजारो किलोमीटर जंगलावरून जातात आणि झाडांनी सोडलेले पाणी पुढे पुन्हा पाऊस होऊन पडते. तेव्हा हेल्सचे मोजमाप बरोबर, त्यावरून काढलेला निष्कर्ष मोठ्या भूभागाला लागू. छोट्या बेटाला मात्र फारसा नाही.

मग जंगल राखले ते वाया गेले का? मुळीच नाही. पाऊस पाडण्यापेक्षा पडलेला पाऊस सांभाळणे हे जंगलाचे मोठे काम आहे. पानांचे थर सरींचा मार झेलतात. जमिनीवरचा पालापाचोळा स्पंजासारखा ओला राहतो. मुळांच्या वाटांनी पाणी खाली मुरते आणि कोरड्या महिन्यांत ओढ्यांतून सावकाश बाहेर येते. माथ्यावर रेंगाळणाऱ्या ढगांतले थेंबही पाने टिपून घेतात. १९५२ साली पूर्ण झालेले हिल्सबरो धरण याच डोंगराच्या कुशीत आहे आणि बेटाला पिण्याचे पाणी पुरवते. जेनिन्सने काम योग्य केले, कारण मात्र अपुरे दिले. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

पाहुणे पक्षी

टोबॅगोच्या ईशान्य टोकासमोर 'लिटल टोबॅगो' नावाचे चिमुकले बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची फार हौस होती. त्यासाठी न्यू गिनीकडच्या 'बर्ड ऑफ पॅरडाइज' या देखण्या पक्ष्यांची बेसुमार शिकार होई. (आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक तो हा नव्हे, त्याचे कूळ वेगळे.) सर विल्यम इनग्रॅम या इंग्रज धनिकाला वाटले, यांना सुरक्षित जागी नेऊन सोडावे. त्याने लिटल टोबॅगो विकत घेतले आणि १९०९ साली न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवरून आणलेले चाळीसपेक्षा जास्त पक्षी तिथे सोडले. त्याच्या मृत्यूनंतर १९२८ साली वारसांनी ते बेट पक्ष्यांसाठी सरकारला देऊन टाकले. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचे हे पक्षी पाहायला निसर्गप्रेमी तिकडे जाऊ लागले. पक्षी टिकले, पण मूठभरच राहिले.

फ्लोरा

३० सप्टेंबर १९६३ रोजी 'फ्लोरा' हे चक्रीवादळ टोबॅगोवर धडकले. माणसे दगावली, बेटावरची बहुतेक घरे पडली किंवा मोडली. नारळ, कोको आणि केळीच्या बागा झोपल्या. मेन रिजवरची मोठी झाडे बहुसंख्येने उन्मळली किंवा त्यांचे शेंडे तुटले. दोनशे वर्षे राखलेले जंगल एका दिवसात उघडे पडले.

पुढे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. माती जागेवर होती, मातीत बिया होत्या, मोडक्या बुंध्यांना धुमारे फुटत होते आणि जमीन राखीव असल्याने तिथे कोणी नांगर घातला नाही. जंगल स्वतःहून भरत गेले. पांढऱ्या शेपटीचा सेब्रविंग हा हमिंगबर्ड जगात केवळ व्हेनेझुएलाच्या ईशान्य कोपऱ्यात आणि टोबॅगोत सापडतो. वादळानंतर तो टोबॅगोतून नाहीसा झाला असे मानले गेले होते. १९७४ साली तो पुन्हा दिसला आणि पुढे त्याची संख्या वाढत गेली. लिटल टोबॅगोवरचे पाहुणे पक्षी मात्र या तडाख्यातून सावरले नाहीत. काही वर्षांत ते संपले. सेब्रविंगच्या मागे अख्खे जंगल उभे होते. पाहुण्या पक्ष्यांना मात्र एका लहान बेटापलीकडे आसरा नव्हता.

वादळाने शेती मोडल्यावर टोबॅगो अधिकाधिक पर्यटनाकडे वळले. आज जंगलातल्या 'गिल्पिन ट्रेस' या जुन्या पायवाटेने पर्यटक चालतात आणि डोंगराजवळच्या गावांतले वाटाडे त्यांना पक्षी दाखवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये युनेस्कोने ईशान्य टोबॅगोला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्यात हे जंगलही आले.

प्रवाळाची गोष्ट

आता दुसऱ्या देणगीकडे वळू. बकू रीफ किनाऱ्यापासून जवळ आणि उथळ पाण्यात आहे. तिथे जाणे सोपे, हीच तिची अडचण झाली. तळाला काच बसवलेल्या होड्यांतून लोक प्रवाळ पाहायला जाऊ लागले. हौशी मंडळी पायांत प्लॅस्टिकचे बूट घालून प्रवाळावर चालत. होड्यांचे नांगर त्यावरच पडत. कोणी तुकडा आठवण म्हणून खिशात घाली. प्रवाळाचे काही घुमट वर्षाला एक सेंटिमीटरही वाढत नाहीत. पाऊल एका क्षणात जे मोडते ते भरून यायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

१९७३ साली या जागेला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण तोवर धंदा बसलेला होता आणि नियम पाळायला लावणे अवघड होते. शिवाय खरे संकट पायांपुरते नव्हते. किनाऱ्यावरची घरे आणि हॉटेले वाढली, तसे त्यांचे सांडपाणी समुद्रात झिरपू लागले. सांडपाण्यातल्या नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ माजते आणि प्रवाळाचा उजेड अडवते. २००५ साली बकू रीफला रामसर यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षी आणि पुन्हा २०१० साली समुद्र तापल्यामुळे टोबॅगोचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ तेलवाहू तराफा उलटला आणि किनारे काळे झाले. अशी संकटे एका बेटाचा कायदा थोपवू शकत नाही. पण आधीच दुखावलेले प्रवाळ त्यांना कमी तोंड देऊ शकते, हेही तितकेच खरे.

जंगलाला नियम मिळाला तेव्हा ते पाहायला कोणी येत नव्हते. प्रवाळाला नियम मिळाला तेव्हा पाहणाऱ्यांची रांग लागलेली होती. दोन्ही कायदेच, पण एक गर्दीच्या आधी आला आणि दुसरा गर्दीनंतर. आम्हाला वाटते, टोबॅगोच्या इतिहासातून वर्गात न्यावी अशी गोष्ट हीच आहे.

वर्गात करून पाहा

हेल्सचा प्रयोग कुठल्याही शाळेत होण्याजोगा आहे. सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. एकीत भरपूर पानांचे रोप असू द्या, दुसरीत नुसती माती. दोन्हींना पाणी घाला आणि मातीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. रोपाच्या कुंडीत खोडापुरतीच जागा ठेवा. आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी किराणा दुकानातल्यासारख्या तराजूवर वजन करून नोंदी ठेवा. ऊन असलेला आणि ढगाळ दिवस यांत फरक पडतो का? दुसऱ्या कुंडीची गरज काय, हे मुलांनाच विचारा.

मग भूगोलाच्या तासाला नकाशावर एक गणित घाला. टोबॅगो ओलांडायला वाऱ्याला अर्धा तास लागतो. त्याच वेगाने रत्नागिरीहून नागपूरला, म्हणजे सरळ रेषेत सुमारे ७६० किलोमीटर जायला त्याला किती तास लागतील? आणि तेवढ्या वेळात सह्याद्रीच्या झाडांनी हवेत सोडलेल्या पाण्याचे काय काय होऊ शकेल?